कोऱ्या मशीनवाल्या शकूवैनी

शकूवैनी पहिल्यांदा माझ्या स्टुडिओसमोर रिक्षातून उतरल्या तेव्हा मला वाटलं, बरोबर कुणी आजारी माणूस आहे. मागच्या सीटवर जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं काहीतरी आडवं होतं आणि वैनी रिक्षावाल्याला "हळू रे मेल्या, डोकं आपटेल" म्हणून दटावत होत्या. मी धावत पुढे गेलो आणि पायाकडची बाजू धरली. हाताला पितळी पंखा लागला.

पेशंट म्हणजे एक मशीन होती. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते इंजिन. बंदरावर त्याला सगळे मशीनच म्हणतात. ही जपानी होती, चांगली पन्नाशीच्या घरातली, आणि जन्मात एकदाही चाललेली नव्हती. मांडवीला माझा पासपोर्ट फोटो आणि साखरपुड्यांचा धंदा. मशीनचा फोटो काढायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी सवयीने फडकं घेऊन तिची धूळ पुसायला गेलो, तर वैनींनी माझा हात धरला. "हात लावू नको. धुळीसकट काढ. हाय तशी दिसायला हवी." मग बाजूला स्टुलावर बसून त्या मला सूचना देत राहिल्या. डावीकडून काढ, पंखा जवळून काढ, दोरीचा दांडा काढ. माझ्या धंद्यात नवऱ्या मुलीच्या आयांनी मला कमी छळलं आहे.

शकुंतला नागवेकर हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते रेशनकार्डाबाहेर कधी पडलं नाही. माहेर आणि सासर दोन्ही मासळीतलं. तरुणपणी त्या डोक्यावर पाटी घेऊन खाडीपलीकडच्या गावांतून मासे विकत हिंडल्या आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात उभ्या राहिल्या. लिलावात त्या सुरमईकडे कमी आणि समोरच्याच्या तोंडाकडे जास्त बघत, असं त्यांच्या बरोबरीच्या बायका सांगत. नवरा वसंतभाऊ मशीन दुरुस्त करायचा. बंदराजवळ त्याचं छोटं दुकान होतं आणि दुपारची वैनी तिथे त्याच्या हाताखाली असत. वसंतभाऊ गेला, मुलगा विरारला नोकरीला लागला, तेव्हा वैनींनी दुकान आवरायला काढलं. माळ्यावर दोन खोकी निघाली. वसंतभाऊने कधीतरी विकायला आणलेल्या मशिनी, पण तेवढ्यात सगळे मोठ्या डिझेल इंजिनांच्या मागे लागले आणि या दोघी खोक्यातच राहिल्या.

भंगारवाला त्या वजनावर मागत होता. नेमका तेव्हाच गोव्याचा एक माणूस दुकानात डोकावला, खोक्यात बघितलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे जुनं काहीतरी दिसतंय, द्यायचं आहे का. वैनी ही गोष्ट रंगवून सांगत. "आवाज सहज होता त्याचा," त्या म्हणत, "पण मेला सारखा आवंढा गिळत होता." वैनींनी भंगारवाल्याला घालवून दिलं आणि गोवेकराला चहा, मग जेवण, मग दुसऱ्या दिवशी परत जेवण असं अडकवून ठेवलं. तेवढ्यात त्याच्याच तोंडून त्यांनी काढून घेतलं, की जगात अशा न चाललेल्या जुन्या मशिनी जमवणारी माणसं आहेत. ती त्या चालवत नाहीत, नुसत्या ठेवतात. त्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. जेवणाच्या शेवटी वैनी त्या ग्रुपमध्ये होत्या.

मला स्वतःला हा सगळा वेडेपणा वाटायचा. पोपट पाळायचा आणि त्याला बोलू द्यायचं नाही, त्यातला हा प्रकार. तसं मी एकदा वैनींना म्हणालोही. त्यांनी माझ्या कपाटातल्या, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या लग्नाच्या अल्बमांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हे कोण बघतं? मी कपाटाचं दार लावून घेतलं. माझ्या धंद्यावर आलेलं बोलणं मला आवडत नाही.

मशिनी त्यांना सापडत कशा, याचं बाहेरच्यांना फार कोडं पडायचं. मला ते कधी पडलं नाही. आमच्या किनाऱ्यावर घरटी एखादा माणूस जहाजावर गेलेला. कुणी रेडिओ आणले, कुणी घड्याळं आणली आणि काही हौशी लोकांनी मशिनी आणल्या. रिटायर झालो की आपली स्वतःची होडी बांधायची, खाडीत गरी टाकून बसायचं, हे त्यांचं स्वप्न. मग घराची कौलं बदलावी लागली, मुलींची लग्नं आली, शेवटी गुडघे गेले. होडी बांधायची राहिली आणि मशीन माळ्यावर राहिली. वैनींनी त्या प्रत्येक घराच्या मागच्या दारी मासे विकले होते. कुठल्या घरातला कोण कुठल्या जहाजावर होता, हे त्यांना त्या घरातल्या सुनांपेक्षा जास्त माहीत होतं.

मशीन समोर आली की वैनी आधी हात धुवत. मग पंख्याच्या वर, पाणी आत शिरायची जी बारीक भोकं असतात, त्यांत करंगळी घालत आणि ती करंगळी सरळ जिभेला लावत. खार लागला तर मशीन पाण्यात गेलेली. मी म्हणायचो, वैनी, रत्नागिरीत माझ्या चष्म्यालासुद्धा खार लागतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. वाऱ्याचा खार वेगळा आणि पाण्याचा वेगळा. मी एकदा चोरून माझ्या चष्म्याची काच चाटून बघितली. मला काही कळलं नाही.

त्यांच्या धंद्याचा कायदा एकच होता, कोरी म्हणजे कोरी. चालू करायची दोरी एकदासुद्धा ओढलेली चालायची नाही. मशीन ताब्यात आली की पहिल्यांदा त्या दोरीच्या दांड्याला लाल चिंधी बांधून टाकत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या कुणाला ओढायचा मोह होऊ नये. अशी मशीन एकदा सुरू झाली की तिची किंमत त्या क्षणी बसते. आत काजळी धरते, पाणी फिरतं, आणि मग ती लाखात एक न राहता चार जुन्या मशिनींतली एक होते. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने अशीच एक चाललेली मशीन रंगवून, चकचकीत करून कोरी म्हणून वैनींमार्फत खपवायला पाठवली होती. वैनींनी करंगळी चाटली, मशीन त्याच गाडीने परत पाठवली आणि माझ्याकडून ग्रुपवर दोनच शब्द लिहून घेतले, "चाललेली आहे". त्या दिवसापासून वैनींनी कोरी म्हटलं की लोक बघायला न येता घेऊ लागले. केरळपासून कोलकात्यापर्यंत, त्यांचं तोंडही न पाहिलेली माणसं त्यांच्या शब्दावर गाड्या पाठवत. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या मुळीच लपवत नसत.

पण त्या नुसत्या कडक होत्या असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. जयगडकडच्या एका घरात आम्ही मशीन बघायला गेलो होतो. मी फोटोसाठी. फोनवरच्या वर्णनावरून वैनी रस्ताभर खुशीत होत्या. आम्ही पोचलो, तर अंगणात पाटावर मशीन मांडलेली. गिऱ्हाईक येणार म्हणून घरातल्यांनी ती चिंच आणि कोकमाच्या सालांनी घासघासून पांढरी केली होती. कंपनीचं नाव, पट्टे, सगळं घासलं गेलं होतं. वरून होडीचा उरलेला निळा रंग दिलेला, कडेला पिवळी रेघ. हळदकुंकू लावून पुढे नारळ ठेवलेला. घरातला म्हातारा, त्याची बायको, सून, सगळे आमच्या तोंडाकडे बघत उभे. मी कपाळाला हात लावणार होतो. वैनी मात्र पाटासमोर बसल्या, मशीनला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "रंग झकास बसलाय हो. कुणी दिला?" सून लाजली. मग आम्ही तिथे भाकरी आणि बांगड्याचं तिखलं जेवलो. जमवणाऱ्यांच्या दृष्टीने ती मशीन मेली होती. वैनींनी ती पूर्णगडच्या एका होडीवाल्याला मिळवून दिली आणि त्या घराला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, की कोकमाने त्यांचं काय धुतलं गेलं.

आता डॉक्टर. पुण्याचे देवधर डॉक्टर हे वैनींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. बंगल्यातल्या एका थंड खोलीत त्यांनी मशिनी ओळीने उभ्या केल्या होत्या. पुण्यात पाणी पावसाळ्यात रस्त्यावर असतं तेवढंच, असं वैनी त्यांच्या तोंडावर म्हणत आणि डॉक्टर हसत. भला माणूस. वैनींशी भाव करायला बसले की वैनी मशीन सोडून सगळ्याबद्दल बोलत. डॉक्टरांच्या आईचं दुखणं, आंब्याचा मोहोर, सूनबाईंचा स्वभाव. शेवटी डॉक्टर स्वतःच कंटाळून जास्तीचा आकडा बोलत आणि वैनी "तुमी बोलताय तर बरोबरच असेल" म्हणून उठत. एका ठरावीक जातीची स्वीडिश मशीन डॉक्टर कित्येक वर्षं शोधत होते. देशात ती कोरी मिळणार नाही असं ग्रुपवर सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

ती गोळपच्या गंगारामकाका तोडणकरांच्या पडवीत होती.

गंगारामकाका जहाजाच्या इंजिनरूममध्ये तेल घालणारे म्हणून लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मशीन त्यांनी कुठल्याशा थंड बंदरात पगार साठवून घेतली होती. होडीचं लाकूडसुद्धा आणून ठेवलं होतं, ते पुढे थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवाला गेलं. काकी गेल्यावर काका एकटेच राहत होते आणि आता धाकटी मुलगी मंगल त्यांना चिपळूणला न्यायला आली होती. घराला कुलूप लागणार होतं. मशीनही चिपळूणला न्यावी असं काकांच्या मनात होतं, पण मंगलचं घर नदीकाठी, तळमजल्यावर. इतकी वर्षं जिला पाणी दाखवलं नाही तिला तिथे पहिल्याच पुरात पाणी स्वतः भेटायला आलं असतं. म्हणून वैनींना बोलावणं आलं.

खोकं उघडलं तेव्हा मी तिथे होतो. आत मेणकागद, त्याच्या आत मशीन, हत्यारांची कापडी थैली शिवलेलीच. वैनींनी हात धुतले, करंगळी चाटली आणि मग दुसऱ्या बाजूच्या भोकात घालून पुन्हा चाटली. "फोटोवाल्या," त्या शेवटी म्हणाल्या, "अशी मी बघितली नाय रे." फोटो बघून डॉक्टरांनी त्या संध्याकाळीच सौदा पक्का केला. रविवारी ते स्वतः गाडी घेऊन येणार होते.

रविवारी आम्ही सकाळीच गोळपला पोचलो. मंगल आणि तिचा नवरा भांडीकुंडी बांधत होते. काका पडवीत मशीनजवळ खुर्ची घेऊन बसले होते. चहा झाला, डॉक्टर घाटात आहेत असा निरोप आला आणि काका वैनींना म्हणाले,

"शकू, नेण्याआधी एकदा तिचा आवाज आयकव मला."

वैनींनी नाही म्हटलं. सरळ, समजावून, नाही म्हटलं. चालवली की कोरी राहत नाही, डॉक्टर त्यासाठीच एवढ्या लांबून येतायत, मी त्यांना शब्द दिलाय. काकांनी सगळं ऐकून घेतलं. हट्ट करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"जलमभर इंजिनाच्या आवाजात झोपलो मी," ते म्हणाले. "ती सगळी कंपनीची. ही एक माझी हाय, आणि ती कशी बोलते ते मला ठाव नाय. ती गेली की मग कुणाला विचारू?"

मंगल आतून म्हणाली, बाबा, काहीतरीच काय. वैनींनी चहाची कपबशी खाली ठेवली. उठून अंगणात गेल्या आणि विहिरीपाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, डॉक्टरांना फोन लावतील. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, विचारलं तर ते नको म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार, आणि मग मला ऐकावं लागेल. परत आल्या त्या पदर खोचूनच. त्यांनी दांड्यावरची लाल चिंधी सोडली आणि मला विहिरीजवळचं पिंप भरायला सांगितलं. मशीन तपासायची तर ती पाण्याच्या पिंपात उभी करून चालू करतात, एवढं मलाही माहीत होतं. पिंप अर्धं भरलं आणि वैनींनी मला थांबवलं. "पिंपात कशाला? चालवायचीच तर खाडीत चालवू."

शेजारच्या सुरेशची होडी खाडीला होती. त्याने आणि मी मशीन खाली नेऊन होडीला लावली, काकांना खुर्चीसकट मंगलच्या नवऱ्याने आणि दुसऱ्या एका शेजाऱ्याने उतरवून होडीत बसवलं. भरती होती. वैनींनी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, जुना प्लग काढून पुसला, वसंतभाऊच्या दुकानात बघून शिकलेलं सगळं निमूट केलं. लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. तेवढ्यात मंगलचा नवरा म्हणाला, की वैनी, नंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून खोक्यात ठेवू, डॉक्टरांना काय कळतंय. चांगल्या मनानेच म्हणाला तो. वैनी माझ्याकडे वळल्या. "तू फोटो काढ. होडीवर लावलेली, पाण्यातली, सगळी दिसू दे. आणि ग्रुपवर टाक. लिही, चाललेली आहे."

"वैनी, अजून चालू व्हायची आहे," मी म्हणालो.

"टाक तू. नायतर माझंच मन फिरेल."

मी टाकला.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. ग्रुपवर त्या दिवशी वैनींना बरंच ऐकून घ्यावं लागलं. शेवटची कोरी एका म्हाताऱ्याच्या लहरीपायी घालवली, असं एकाने लिहिलं. मी वैनींचा माणूस, पण त्यात खोटं काही नव्हतं. तशी मशीन पुन्हा निघाली नाही, आणि एकदा ओढलेली दोरी परत गुंडाळून तिला कोरं करता येत नाही. डॉक्टरांनी ठरवलेली रक्कम वैनींनी पदरची काकांना दिली आणि डॉक्टरांची आहे असंच सांगितलं. मशीन सुरेशच्या होडीला राहिली. डॉक्टर बरेच महिने वैनींशी बोलले नाहीत, मग स्वतःहून बोलू लागले, कारण इतर कुणाच्या शब्दावर त्यांचा भरवसा बसेना. काका चिपळूणला गेले आणि शिमग्याच्या आधीच वारले. वैनीही गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्यासाठी काढलेली माझ्या फोनमध्ये शंभर छायाचित्रं असतील आणि त्यांतल्या एकातही त्या नाहीत, सगळ्या मशिनीच. म्हणून त्या रविवारच्या वैनी मला नीट लिहून ठेवायच्या आहेत.

दोरी पहिल्यांदा ओढली तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. सुरेश म्हणाला, मी ओढतो. वैनींनी त्याला हाताने मागे सारलं. पुन्हा ओढली, मशीन एकदा खोकली, भक्कन निळा धूर निघाला आणि ती बोलायला लागली. जाड, घोगरा, सावकाश आवाज. मी इतकी वर्षं मशिनींचे फोटो काढत होतो आणि त्यांतल्या एकीचाही आवाज ऐकला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. काकांनी होडी वळवायचा दांडा हातात घेतला आणि कान खाली नेला, अगदी मशीनला टेकेल इतका. काकांना आणि सुरेशला घेऊन होडी खाडीच्या तोंडाकडे गेली, वळली, परत येऊ लागली. तेवढ्यात वर रस्त्यावर डॉक्टरांची गाडी थांबली.

डॉक्टर उतारावरून खाली आले. त्यांनी वाटेत फोन बघितलेला होता, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. वैनी पाण्यातून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. लुगड्याचं पाणी गळत होतं, हाताला पेट्रोलचा वास. "मी चालवली, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "काकांचं काही नाय त्यात." डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले, मग येणाऱ्या होडीकडे. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण बोलले नाहीत. पाणीसुद्धा न पिता वर चढून गेले. गाडी वळल्याचा आवाज आला. वैनींनी मागे वळून बघितलं नाही.

होडी काठाला लागली. सुरेशने मशीन बंद केली. काका घामाने आणि तुषारांनी भिजले होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

"डॉक्टर होते ना गो ते?" त्यांनी विचारलं. "गेले?"

"घाई होती त्यांना. गाडी परवा पाठवतायत."

"आवाज आयकला त्यांनी?"

वैनींनी पदर पिळला, पुन्हा कमरेला खोचला आणि पाण्यात उतरल्या.

"आयकला की," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, अशी बोलणारी माझ्याकडे एक पण नाय."

आणि काकांनी दांडा नीट धरलाय ना ते बघून त्यांनी पुन्हा दोरी ओढली.